जीर्ण नौकेचा उद्धार : मुंबईंत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ जहाजाच्या निमित्तानें कांहीं विचार

१. विषयप्रवेश

जुन्या पोथ्या, सनदा व बखरी यांच्या जीर्णोद्धाराविषयीं आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. पान फाटलें तर तें कशानें सांधावें, अक्षर पुसट झालें तर तें गिरवावें कीं तसेंच राहूं द्यावें, लेखकाच्या हातून गळलेला शब्द कंसांत घालावा कीं ओळींत मिसळून टाकावा, हे प्रश्न हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाच्या नित्य परिचयाचे आहेत. लांकडी जहाजाच्या जीर्णोद्धारांतही हेच प्रश्न, बहुधा याच क्रमानें, उपस्थित होतात. फरक इतकाच कीं, पोथीचें पान वाईट खळीनें चिकटविलें तर एक पान जातें. जहाजाचें लांकूड चुकीच्या क्रमानें काढलें तर सबंध जहाजाचा आकार बिघडतो आणि तो पुन्हां मिळत नाहीं.

या विषयाकडे इतिहाससंशोधकांचें लक्ष वेधण्याचें विशेष कारण आहे. ज्या मराठी आरमाराविषयीं आपण अभिमानानें लिहितों, त्यांतील एकही जहाज आज अस्तित्वांत नाहीं. शिवछत्रपतींनीं कल्याण-भिवंडीच्या खाडींत बांधविलेलीं गलबतें, कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा, १७८३ सालीं ‘रेंजर’ या इंग्रजी जहाजाशीं झुंजलेलीं धुळपांचीं तारवें, हीं सर्व आतां केवळ कागदांत उरलीं आहेत. तुळाजी आंग्र्यांचें आरमार तर १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत एका दिवसांत जळून खाक झालें. त्या जहाजांची बांधणी कशी होती, फळ्या कशा जोडीत, डोलकाठी कोठें रोवीत, हें सांगणारा प्रत्यक्ष पुरावा त्यांबरोबरच नाहींसा झाला.

परंतु याच किनाऱ्यावर, मलबारी सागवानानें व एतद्देशीय सुतारांच्या हातांनीं बांधलेलें एक जहाज अद्यापि पाण्यावर तरंगत आहे. तें इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथें असून त्याचें नांव ‘ट्रिंकोमाली’. १८१७ सालीं तें मुंबईच्या गोदींतून पाण्यांत उतरलें. तें मराठ्यांचें नव्हे, इंग्रजांच्या आरमाराचें होतें, आणि त्याचा आराखडाही विलायतेहून आला होता, हें आरंभींच स्पष्ट केलेलें बरें. तथापि त्यांतील लांकूड व कारागिरी आपल्याकडची आहे. आणि त्याचा १९९० ते २००१ या काळांत झालेला जीर्णोद्धार हें या विद्येचें उत्तम उदाहरण आहे. म्हणून त्याच्या आधारें हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

२. जहाजाचा वंशवृक्ष

हस्तलिखिताप्रमाणें जहाजालाही आदर्शप्रत असते. ‘ट्रिंकोमाली’ची आदर्शप्रत फ्रेंच आहे. ‘एबे’ नांवाची फ्रेंच युद्धनौका १७८२ सालीं सां मालो येथें बांधण्यांत आली व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ती इंग्रजांच्या हातीं पडली. तिची बांधणी त्यांस इतकी पसंत पडली कीं, तिचीं मापें घेऊन त्यांनीं आराखडा तयार केला, आणि त्यावरून १८०० सालीं ‘लीडा’ हें जहाज बांधलें. पुढें याच आराखड्यावरून अनेक जहाजें निघालीं. म्हणजे ‘एबे’ ही मूळ पोथी, ‘लीडा’ ही तिची पहिली इंग्रजी प्रत, आणि ‘ट्रिंकोमाली’ ही त्या शाखेंतील एक उत्तरकालीन प्रत होय.

नकला करतांना जें संकट पोथ्यांवर येतें तें याही प्रतीवर आलें. १८१२ सालीं मुंबईस नवें जहाज बांधण्याचा हुकूम झाला व आराखडे ‘जाव्हा’ नांवाच्या युद्धनौकेवरून रवाना झाले. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजानें ‘जाव्हा’चा पराभव करून तिचा नाश केला, आणि आराखडेही गेले. मूळ आराखडा विलायतेंत जतन करून ठेवलेला होता म्हणूनच दुसरी नक्कल करून पाठवितां आली. जेथें एकच प्रत असते तेथें नाशास एकच अपघात पुरतो, ही गोष्ट संग्राहकांस सांगावयास नको. योगायोग असा कीं, ‘कॉन्स्टिट्यूशन’ हेंही १७९७ सालीं पाण्यांत उतरलेलें लांकडी जहाज अमेरिकेंत बोस्टन येथें जतन केलेलें आहे. नकाशे बुडविणारें जहाज आणि त्या नकाशांवरून पुढें बांधलेलें जहाज, हीं दोन्ही आज तरंगत आहेत.

मुंबईंत हें काम वाडिया घराण्याकडे होतें. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या वंशजांनीं दीडशे वर्षांच्या आसपास येथील जहाजबांधणीचें काम सांभाळलें. १८१० सालीं ‘मिंडेन’ हें चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज मुंबईंतून पाण्यांत उतरलें तेव्हां या गोदीची ख्याति दूरवर पसरली. ‘ट्रिंकोमाली’चे मुख्य शिल्पी जमशेटजी बमनजी वाडिया हे होते. १८१६ सालीं जहाजाचें पठाण, म्हणजे तळाचा आडवा कणा, घालण्यांत आलें, व पारशी रिवाजाप्रमाणें त्यांत चांदीचा खिळा ठोकण्यांत आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत उतरलें. त्याच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारें १५० फूट, रुंदी सुमारें ४० फूट, आणि त्या काळच्या हिशेबानें वजन हजार टनांहून कांहींसें अधिक आहे.

नांवाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सिंहलद्वीपाच्या पूर्व किनाऱ्यावरील ज्या बंदरावरून हें नांव पडलें, त्याचें तमिळ नांव ‘तिरुकोणमलै’. त्याचा उच्चार इंग्रजांच्या जिभेवर ‘ट्रिंकोमाली’ असा झाला.

३. अवस्थांतरें

जहाज १८१९ सालीं पोर्ट्समथ येथें पोहोंचलें, परंतु तोंवर नेपोलियनचीं युद्धें संपलीं होतीं. त्यामुळें तें सुमारें पाव शतक काम न मिळतां नांगरून पडलें. १८४५ सालीं त्याची डागडुजी झाली. तोफांची संख्या कमी करून अधिक मोठ्या तोफा बसविल्या, आणि सपाट पिछाडीच्या जागीं वाटोळी पिछाडी करण्यांत आली. १८४७ पासून त्यानें उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज या बाजूस, आणि १८५२ ते १८५७ पर्यंत प्रशांत महासागरांत नोकरी केली. १८६० नंतर तें खलाशांच्या शिक्षणाचें जहाज झालें व त्या निमित्तानें कांहीं वर्षें हार्टलपूल येथेंही होतें.

१८९७ सालीं तें मोडींत विकलें गेलें. त्याच वर्षीं जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाचें ‘फूद्रॉयां’ नांवाचें जुनें जहाज, जें एकेकाळीं नेल्सनचें निशाणाचें जहाज होतें, वादळांत ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटलें. त्याची जागा भरून काढण्यासाठीं कॉब यांनीं ‘ट्रिंकोमाली’ विकत घेऊन मोडणाऱ्यांच्या हातून सोडविलें आणि त्यासही ‘फूद्रॉयां’ हेंच नांव दिलें. या परक्या नांवानें तें फालमथ व पुढें पोर्ट्समथ येथें तरुणांस नौकानयन शिकवीत १९८६ पर्यंत राहिलें. १९८७ सालीं तें एका तराफ्यावर चढवून हार्टलपूलास आणलें. १९९० सालीं जीर्णोद्धारास आरंभ झाला. १९९२ सालीं मूळ नांव परत मिळालें. २००१ सालीं काम पुरें झालें. खर्च एक कोट पौंडांहून अधिक आला.

हें जहाज वांचलें हा नियम नव्हे, अपवाद आहे. पोर्ट्समथ येथें त्याच्या शेजारींच ‘इम्प्लॅकेबल’ नांवाचें आणखी एक जुनें जहाज उभें असे. तेंही मूळचें फ्रेंच, ट्रफाल्गरच्या लढाईंत असलेलें व १८०५ सालीं पकडलेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीस पैसा मिळेना, म्हणून १९४९ च्या डिसेंबरांत इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही राष्ट्रांचीं निशाणें लावून तें समुद्रांत नेऊन बुडविण्यांत आलें. त्याच्या पिछाडीचें कोरीव काम ग्रीनिचच्या संग्रहालयांत शिल्लक आहे. मुंबईंतच १८१५ सालीं बांधलेलें ‘वेलस्ली’ हें जहाज १९४० सालीं जर्मन विमानांच्या हल्ल्यांत टेम्स नदींत बुडालें. दोन जहाजें शेजारीं शेजारीं उभीं असतां एक राहतें व एक जातें, यांत लांकडाच्या गुणापेक्षां माणसांच्या इच्छेचा भाग अधिक असतो.

४. लांकडी जहाज कशानें मरतें

जहाजाचा शत्रु समुद्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा या दोन्हींची गरज असते. सतत खाऱ्या पाण्याखालीं असलेल्या लांकडास हवा मिळत नाहीं, आणि कोरडें ठेवलेल्या लांकडास ओल मिळत नाहीं. म्हणून दोन्ही टिकतात. कुजतें तें मधलें, ज्यावर पावसाचें गोडें पाणी झिरपून सांचतें तें. यास्तव जुन्या जहाजाची खरी हानि वरून होते. तख्तपोशीच्या एका फटींतून वर्षानुवर्षें गळणारें पाणी खालच्या वाशाचें टोंक आंतून पोकळ करतें, आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत दिसतो.

पाण्याखालच्या भागास दुसरी व्याधि आहे. ज्यास नाविक जहाजाचा किडा म्हणतात तो वस्तुतः किडा नसून शिंपल्याच्या जातीचा मृदुकाय प्राणी आहे. तो बारीक भोंकानें फळींत शिरतो व आंतल्या आंत वाढत लांब बोगदे पाडतो. पोथीच्या कसरीप्रमाणें याचेंही घर बाहेरून लहान व आंतून विस्तीर्ण असतें. यावर उपाय म्हणून आपल्याकडील नावाडी चुना व तेल यांचा लेप तळास देत. इंग्रजांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तांब्याचा पत्रा मारण्याची चाल सुरू केली. परंतु तांबें आणि लोखंड खाऱ्या पाण्यांत एकत्र आलीं कीं लोखंड झपाट्यानें झिजतें. त्यामुळें पत्रा आल्यावर लोखंडी खिळेही बदलून तांब्याच्या जातीचे करावे लागले. लोखंडी खिळा गंजला म्हणजे फुगतो, भोंवतालचें लांकूड फोडतो, आणि शेवटीं भोंकांत सैल होतो. येथेंच सागवानाची थोरवी दिसून येते. ओक वृक्षाच्या लांकडांत तुरट आम्ल असल्यामुळें तें लोखंडास खातें. सागांत नैसर्गिक तेल असल्यामुळें तो स्वतःही टिकतो व खिळ्यासही टिकूं देतो.

तिसरी व्याधि आकाराची. जहाजाचा मध्यभाग रुंद असल्यानें पाणी त्यास अधिक उचलून धरतें. नाळ व पिछाडी निमुळतीं असल्यानें त्यांस तितका आधार मिळत नाहीं. परिणामीं वर्षें लोटतात तसतशीं दोन्ही टोंकें खालीं लवतात व पठाण धनुष्यासारखें मध्यें वर येतें. ही वांकण एकदां आली म्हणजे प्रत्येक फळीच्या सांध्यावर ताण येतो, फटी रुंदावतात, आणि मग वर सांगितलेल्या गोड्या पाण्यास वाट मिळते.

५. उद्धाराचा क्रम

पहिलें काम हत्याराचें नव्हे, लेखणीचें आहे. एकही खिळा काढण्यापूर्वीं जहाजाची आंतून व बाहेरून मापें घेतलीं जातात, आडव्या व उभ्या छेदांचे नकाशे काढले जातात, प्रत्येक फळीस व प्रत्येक बरगडीस क्रमांक दिला जातो. पोथीचीं पानें सुटीं करण्यापूर्वीं पत्रांक तपासून घ्यावे, तसाच हा प्रकार. ही नोंद राहिली म्हणजे पुढें जहाज गेलें तरी त्याची प्रत मागें उरते.

दुसरें काम आधाराचें. पाण्यानें सर्व बाजूंनीं उचलून धरलेला देह कोरड्या गोदींत आणल्यावर केवळ पठाणावर उभा राहूं शकत नाहीं. स्वतःच्याच भारानें त्याच्या कुशी बाहेर पसरतात. म्हणून खालीं ठोकळे व दोन्ही अंगांस टेकू देऊन आकार स्थिर करावा लागतो. वांकलेलें पठाण सरळ करावयाचें असल्यास तें हळूहळू, टेकू थोडथोडे हलवीत करावें लागतें. घाई केल्यास तें मोडतें.

तिसरें काम परीक्षेचें. हातोडीच्या आवाजावरून लांकूड भरीव आहे कीं पोकळ हें समजतें. टोंच्या मारून तो किती आंत जातो हें पाहतात. शंका असेल तेथें बारीक भोंक पाडून निघणारा भुसा कोरडा कीं दमट, ताठ कीं पीठ झालेला, हें तपासतात. या परीक्षेचा हेतु वाईट लांकूड शोधणें एवढाच नसून चांगलें लांकूड वांचविणें हाही असतो. भीतीनें सर्वच काढून टाकणारा कारागीर आणि अज्ञानानें सर्वच ठेवणारा कारागीर, दोघेही सारखेच घातक.

चवथें काम बदलाचें. येथें मुख्य नियम असा कीं, लगतचीं लांकडें एकाच वेळीं काढूं नयेत. एक बरगडी काढावी, दुसरी तशीच ठेवावी, तिसरी काढावी. नवी बसल्यावर मग राहिलेलीस हात घालावा. अशानें जहाजाचा आकार जुन्या लांकडाकडून नव्या लांकडाकडे जणुं तोंडीं परंपरेनें पोहोंचतो. लांकडाचें फक्त टोंक गेलें असेल तर तेवढेंच कापून तिरप्या लांब सांध्यानें नवें टोंक जोडतात. सांधा जितका लांब तितका बळकट. जेथें वांकडें लांकूड हवें तेथें सरळ लांकूड कापून वांकडें करूं नये, कारण मग तंतू मध्येंच तुटतात. झाडाची जी फांदी निसर्गतःच तशी वळली असेल तीच शोधावी. आपल्या कोंकणांतील होड्या बांधणारे सुतारही बरगडीसाठीं असेंच वांकडें लांकूड निवडीत आले आहेत. बाहेरच्या जाड फळ्या वाफेनें मऊ करून, गरम असतांनाच जागेवर दाबून बसवितात.

पांचवें काम फटी भरण्याचें. काथ्या, ताग किंवा कापूस यांचा पीळ फटींत लांकडी हातोड्यानें ठोकून वर राळ किंवा डांबर ओततात. हें काम दिसण्यास हलकें, परंतु फार जबाबदारीचें आहे. पीळ सैल राहिला तर पाणी येतें. फार घट्ट ठोकला तर फळी पाण्यांत फुगतांच खिळे उपटले जातात. नवीन उतरलेलें जहाज प्रथम कांहीं दिवस थोडें गळतें. लांकूड पाणी पिऊन फुगलें म्हणजे फटी आपोआप मिटतात. याच कारणास्तव जुनें जहाज कायम कोरड्या जागीं ठेवणें हा निर्धोक उपाय नव्हे. तें सुकून आकसतें व उकलतें. ‘ट्रिंकोमाली’ पाण्यावरच ठेवलेलें आहे.

शेवटीं डोलकाठ्या, परभाणें, दोर व शिडें. ‘ट्रिंकोमाली’चा विसाव्या शतकांतील शिक्षणगृहाचा साज उतरवून, तें एकोणिसाव्या शतकांतील शिडाच्या युद्धनौकेच्या रूपांत पुन्हां उभें करण्यांत आलें. त्याच्या अंगांतील लांकडाचा बराच मोठा भाग अद्यापि मुंबईहून गेलेला मूळचा साग आहे. ज्यांनीं हें काम केलें त्यांची गोष्टही लक्षांत घेण्याजोगी आहे. हार्टलपूल हें पूर्वीं जहाजें बांधणारें गांव. तेथील कारखाने बंद पडल्यावर कारागीर रिकामे झाले होते. १९७९ ते १९८७ या काळांत तेथें ‘वॉरियर’ या जुन्या लोखंडी युद्धनौकेचा जीर्णोद्धार झाला, आणि त्या कामावर तयार झालेलें कसब ‘ट्रिंकोमाली’च्या कामीं आलें. जहाजाबरोबर विद्येचाही उद्धार होतो तो असा.

६. भोजाचा ‘युक्तिकल्पतरु’

संस्कृत वाङ्मयांत नौकाशास्त्राविषयीं जें थोडें साहित्य उपलब्ध आहे त्यांत धारानगरीच्या भोजराजाच्या नांवावर असलेला ‘युक्तिकल्पतरु’ प्रमुख आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासांत त्याच्या हस्तलिखिताचा उपयोग केला, आणि १९१७ सालीं तो ग्रंथ कलकत्त्यास छापला गेला. त्यांतील तीन विधानें प्रस्तुत विषयाशीं संबद्ध आहेत.

पहिलें लांकडाच्या परीक्षेचें. ग्रंथकार लांकडाचे चार वर्ण सांगतो : हलकें व मऊ तें ब्राह्मण, हलकें व कठीण तें क्षत्रिय, जड व मऊ तें वैश्य, जड व कठीण तें शूद्र. नौकेस क्षत्रियजातीचें लांकूड उत्तम, असें त्याचें मत आहे. वर्णांचीं नांवें बाजूस ठेवलीं तर हें वर्गीकरण भार आणि काठिण्य या दोन गुणांवर आधारलेलें आहे, व हेच दोन गुण आजचा जहाजबांधणारा सुतारही प्रथम पाहतो.

दुसरें विधान असें कीं, दोन भिन्न जातींच्या लांकडांची मिळून केलेली नौका सुखावह होत नाहीं. ती लवकर कुजते व थोड्या आघातानें फुटते. हें जीर्णोद्धार करणाऱ्यानें नित्य स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. भिन्न लांकडें पाण्यानें भिन्न प्रमाणांत फुगतात व भिन्न प्रमाणांत आकसतात. मऊ जुन्या लांकडाशेजारीं अतिकठीण नवें लांकूड बसविल्यास सर्व ताण जुन्यावर पडतो. जुनाट कागदास जाड नवा कागद चिकटविला म्हणजे घडी पडतांच जुना कागद कडेशीं तुटतो, हा अनुभव संग्राहकांस आहेच.

तिसरें विधान लोखंडाच्या निषेधाचें. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें बांधूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक तिला ओढून घेतो, असें कारण ग्रंथांत दिलें आहे. कारण काल्पनिक आहे, पण त्यामागील व्यवहार खरा आहे. खिळ्यांऐवजीं दोरानें शिवलेल्या नौका अरबी समुद्रांत शतकानुशतकें चालत होत्या. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें होर्मुझ येथें अशाच नौका पाहिल्याचें लिहून ठेवलें आहे. शास्त्रकारानें चालू रूढीस एक हेतु जोडून दिला, एवढाच याचा अर्थ समजावयाचा.

७. तेंच जहाज कीं दुसरें ?

एवढें झाल्यावर मूळ प्रश्न उरतोच. फळी बदलली, बरगडी बदलली, दोर तर शंभर वेळां बदलले. मग हें तेंच जहाज कसें? ग्रीक ग्रंथकार प्लुटार्कानें थीसियसाच्या नौकेविषयीं हाच वाद नमूद केला आहे. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांत नागसेनानें रथाचा दृष्टांत घेऊन, चाक हा रथ नव्हे, आंस हा रथ नव्हे, असें करीत राजास कुंठित केलें आहे. तत्त्वज्ञांचा वाद तत्त्वज्ञांकडे ठेवून संशोधकानें व्यवहारापुरता निर्णय केला पाहिजे.

तो निर्णय तीन प्रकार वेगळे ओळखण्यानें होतो. पहिला प्रकार रक्षणाचा. ‘ट्रिंकोमाली’चेंच एक भावंड, त्याच आराखड्याच्या वंशांतील ‘युनिकॉर्न’, १८२४ सालीं चॅथम येथें पाण्यांत उतरलें व आज स्कॉटलंडांत डंडी येथें आहे. त्यावर डोलकाठ्या कधीं उभारल्याच नाहींत; वर छप्पर घालून तें ठेवून दिलें. छपरानें गोडें पाणी अडविलें, म्हणून त्यांतील मूळ लांकूड विलक्षण प्रमाणांत टिकलें. बांधणी अभ्यासणाऱ्यास हें जहाज अधिक प्रमाण.

दुसरा प्रकार उद्धाराचा, म्हणजे ‘ट्रिंकोमाली’चा. येथें मूळ देह आहे, पण त्यांत पूरण आहे. जहाज चालतें कसें, दोर कोठून कोठें जातो, हें समजावयास हें अधिक उपयोगी.

तिसरा प्रकार अनुकृतीचा. भारतीय आरमारांत २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें दाखल झालेली ‘कौण्डिन्य’ ही शिवलेली नौका या प्रकारची. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकाच्या एका चित्रावरून तिची कल्पना घेतली; गोव्यांत केरळी कारागिरांनीं काथ्याच्या दोरानें फळ्या शिवून ती बांधली; चित्रावरून मापें मिळत नसल्यामुळें मद्रासच्या तंत्रविद्यालयांत तिच्या आकाराची परीक्षा करावी लागली. डिसेंबर २०२५ मध्यें ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. हें कार्य स्तुत्य आहे. परंतु ती पांचव्या शतकाची साक्षीदार नव्हे. पांचव्या शतकाविषयीं आजच्या विद्वानांनीं केलेला तर्क ती समुद्रावर तपासून पाहते.

हे तिन्ही प्रकार आपापल्या ठायीं योग्य आहेत. अनर्थ होतो तो त्यांचा घोळ केल्यानें. पाठशोधनांत जसा संपादकानें घातलेला शब्द कंसांत दाखविणें हें प्रामाणिकपणाचें लक्षण, तसें जहाजांतील प्रत्येक नव्या लांकडावर त्याचें वर्ष कोरणें हें उद्धारकाचें कर्तव्य होय. नवें लांकूड जुन्या रंगानें माखून जुनें भासविणारा सुतार आणि पोथींत स्वतःचा पाठ घुसविणारा लेखक यांत फरक नाहीं. जुन्यांत नवें किती, हें जोंवर उघड सांगतां येतें तोंवर जहाज तेंच आहे. तें सांगतां येईनासें झालें कीं नांव तेवढें उरतें.

जुन्या थरांविषयींही हाच विवेक हवा. १८४५ ची वाटोळी पिछाडी १८१७ च्या मुंबईच्या सुतारांची नव्हे. तरी तीही आतां पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. मूळ रूपाच्या हव्यासानें मधले सर्व थर खरवडून काढणें म्हणजे पोथीच्या समासांतील जुन्या टीपा पुसून टाकण्यासारखें आहे.

८. आपल्याकडील कर्तव्य

वरील विवेचनावरून कांहीं व्यावहारिक सूचना निघतात, त्या संग्राहकांपुढें ठेवून हा लेख आटोपता घेतों.

आरमाराचे कागद पाहतांना आपलें लक्ष लढाया, तह व सनदा यांवर खिळतें. लांकूड, खिळे, काथ्या, राळ व शिडाचें कापड यांच्या खरेदीच्या यादी आणि सुतारांचे रोजमुरे यांकडे दुर्लक्ष होतें. जहाज कसें होतें हें सांगणारा पुरावा लढाईच्या वर्णनांत नसून या यादींत आहे. किती खंडी लोखंड व किती मण काथ्या लागला एवढ्यावरून देखील फळ्या खिळलेल्या होत्या कीं शिवलेल्या, हें ठरूं शकतें. असे कागद किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत.

दुसरें, या कागदांतील शब्द समजणारे लोक झपाट्यानें कमी होत आहेत. पठाण, नाळ, परभाण, डोल हे शब्द मोल्सवर्थच्या कोशांत सांपडतात. परंतु कोशांतील अर्थ एका ओळीचा असतो, आणि कारागीर तोच शब्द लांकडावर हात ठेवून दाखवितो. देवगड, मालवण, रत्नागिरी, श्रीवर्धन या बाजूच्या वृद्ध सुतारांकडून हे शब्द आकृतींसह टिपून घेणें हें आजचें काम आहे. या कामास उद्यांचा दिवस उरेलच असें नाहीं.

तिसरें, खाड्यांच्या चिखलांत शिडाच्या जुन्या मचव्यांचे व पडावांचे सांगाडे कुजत पडलेले दिसतात. त्या प्रत्येकाचा उद्धार होणें शक्य नाहीं व अवश्यही नाहीं. पण सरपणासाठीं फोडण्यापूर्वीं त्याचीं मापें घेणें, सांध्यांच्या आकृति काढणें व छायाचित्रें घेणें यांस मोठा खर्च लागत नाहीं. फीत, कागद आणि दोन दिवस एवढी सामग्री पुरते. ‘जाव्हा’ बुडाली तरी आराखड्याची दुसरी प्रत होती म्हणून ‘ट्रिंकोमाली’ झालें. आपल्या गलबतांची तर पहिलीच प्रत काढावयाची आहे.

ज्यांच्या संग्रहीं जहाजबांधणीचे हिशेब, आकृति किंवा अशा कामाच्या आठवणी असतील, त्यांनीं त्या नकलून प्रसिद्ध कराव्या. लांकूड गेलें तरी माप राहिलें पाहिजे.